सतरा गुण आणि 'तो विषय वेगळा'

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून मला समजला तसा आधी थोडक्यात मांडते. तुम्ही ४४ वर्षांचे. बँकेच्या बॅक ऑफिसात पर्मनंट, डोंबिवलीत स्वतःचा टू बीएचके, कर्ज फिटायला अजून चार वर्षं, मुलगी दहावीत. वडील लालबागच्या एका गिरणीत होते, संपानंतर वॉचमनची नोकरी करून त्यांनी तुम्हा दोघा भावांना शिकवलं. एका रविवारी रात्री मोबाइलवर 'आयुष्याचं समाधान' मोजणारी पाच वाक्यांची चाचणी तुम्ही भरलीत आणि ३५ पैकी १७ पडले. शेजारी बसलेल्या मिसेसनी गंमत म्हणून भरली, तर त्यांना २७. घर तेच, हप्ता तोच, मुलगी तीच, आणि गुणांत दहाचा फरक. त्यावरून तुम्ही विचारताय, "मी असमाधानी आहे की कृतघ्न?"

गुण हे निमित्त झालं. सगळं मिळूनही मन कुरकुरतंय म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, ही भीती तुम्हाला खातेय, असं मला वाटतं.

मी २४ वर्षं समुपदेशनाचं काम करते. दादरला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं कुठलं ना कुठलं रूप घेऊन आठवड्याला एक तरी माणूस तो जिना चढतो. बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तसं काही नाही हो मॅडम, सगळं छान आहे." त्यानंतर रुमाल बाहेर येतो.

पुढचं सगळं तुमच्या लिहिण्यावर बेतलेलं आहे. समोर बसला असतात तर कुठल्या वाक्याला तुमचा आवाज बदलला ते मला कळलं असतं, इथे ते शक्य नाही. म्हणून एक चाळणी आधीच लावून घेते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज मन उदास, आवडत्या गोष्टीतही रस नाही, पहाटे तीनला झोप उडते, भूक बदलली, साधा निर्णय घेताना डोकं चालत नाही, असं काही असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मग असल्या चाचण्या भरत बसू नका, डॉक्टरांकडे जा. ते बहुधा थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा तपासायला सांगतील, कारण त्यांतली गडबडही मनाच्या दुखण्यासारखीच दिसते. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तुमच्या लिहिण्यात मला यातलं काही दिसलं नाही. झोप लागते, जेवण जातं, मुलीशी गणितावरून भांडता. भांडायला उत्साह लागतो. म्हणून पुढे जाते.

आता ती चाचणी. एड डीनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि जगभर ती अजून वापरली जाते. प्रत्येक वाक्य किती पटतं याला १ ते ७ गुण, म्हणजे बेरीज ५ ते ३५ च्या मधे कुठेतरी येते. २० ला काटा बरोबर मध्यावर. १५ ते १९ म्हणजे थोडंसं असमाधानी, २६ ते ३० म्हणजे समाधानी. म्हणजे तुम्ही मधल्या रेषेच्या जरासे अलीकडे आहात, एवढंच. यात पास-नापास नाही आणि कुठल्या आजाराचं निदानही होत नाही. माझ्याकडे १४ गुणांची एक शिक्षिका यायची. वस्तीतल्या मुलांच्या गळतीवरून ती सतत पेटलेली असायची आणि तब्येतीने ठणठणीत होती. तिचं असमाधान कमी करायचा प्रयत्न मी केला नाही. तिने तो मला करूही दिला नसता.

शिवाय हा काटा थोडा हलतो. १९८८ मध्ये एक प्रयोग झाला होता. विद्यार्थ्यांना आधी त्यांच्या प्रेमाच्या भेटीगाठींबद्दल विचारलं आणि मग आयुष्याबद्दल, तर दुसरं उत्तर पहिल्याच्या मागे मागे गेलं. क्रम उलटा केला तर दोन्हींचा फारसा संबंधच उरला नाही. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, पण माझ्या खोलीत मी तो बघत असते. तुम्ही चाचणी भरलीत रविवारी रात्री साडेदहाला, सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी नव्या गाडीपुढे नारळ फोडतानाचे फोटो बघून झाल्यावर. सकाळी सोमवार. दोन-तीन गुण तिथेच सांडले असतील. एखाद्या बुधवारी सकाळी आणि एकदा पगार झाल्यावर पुन्हा भरून बघा.

तरी दहाचा फरक सगळा भरून निघणार नाही. थोडा वाटा जन्मजात स्वभावाचा असतो. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून असं दिसतं की माणसामाणसांतल्या समाधानाच्या फरकापैकी साधारण एक तृतीयांश आनुवंशिक असावा. मिसेसचा मूळ सूरच वरचा असू शकतो. त्यांच्याशी तुलना करून स्वतःला कमी लेखायचं कारण नाही, जशी त्यांच्या उंचीशी तुम्ही तुलना करत नाही.

मी मुळात बेरीज बघतच नाही. तुम्ही पाचही आकडे दिलेत हे फार बरं केलंत: ३, ५, ३, ४, २. दुसरं वाक्य परिस्थितीबद्दल आहे, 'माझी परिस्थिती उत्तम आहे' अशा अर्थाचं. त्याला तुम्ही ५ दिलेत. चौथं, 'महत्त्वाच्या ज्या गोष्टी हव्या होत्या त्या आतापर्यंत मिळाल्या', त्याला ४. कृतघ्न माणूस नेमका इथे १ आणि २ देतो. असे लोकही माझ्याकडे येतात. घर बांद्र्याला, पण खिडकीतून समुद्र दिसत नाही म्हणून २. तुम्ही त्यांतले नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथेच निकालात निघाला असं समजा. तिसरं वाक्य एकूण समाधानाचंच आहे, ते बाजूला ठेवू. तुमचे गुण गेलेत ते पहिल्या आणि पाचव्या वाक्याला. पहिल्यात विचारलंय, आयुष्य तुमच्या आदर्शाच्या किती जवळ आहे. पाचवं म्हणतं, पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही. तिथे तुम्ही २ दिलेत. म्हणजे काहीतरी नक्की बदलायचंय. हे दोन आकडे वेगवेगळे धरून बोलू.

आधी आदर्श. तुम्ही लिहिलंय की घरात कायम तीनच गोष्टी ऐकल्या: नोकरी पर्मनंट हवी, जागा स्वतःची हवी, कुणापुढे हात पसरायचा नाही. हे कुठून आलं ते गिरणगावात वाढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी खात्यात परतलेच नाहीत. तुम्ही तेव्हा रांगत तरी असाल नाहीतर नुकते चालायला लागला असाल. त्या धक्क्यातून वडिलांनी तीन नियम काढले. नियम अगदी रास्त होते, तुमची मुलगी आज त्यांच्याच सावलीत बसून गणितं सोडवतेय. पण आदर्श म्हणून बघा, तिन्ही नियम काय होऊ नये याचे आहेत. नोकरी जाऊ नये, छप्पर जाऊ नये, अब्रू जाऊ नये. तुम्ही पस्तिशीतच ते पुरे केलेत. त्यापुढचं काही त्या यादीत लिहिलेलं नाही, आणि वडिलांनी ते लिहिलं नाही म्हणून त्यांना बोल लावण्यातही अर्थ नाही. त्यांची रात्र पुढच्या महिन्याच्या वाण्याच्या बिलात जात होती.

एका गृहस्थांची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. विमा कंपनीत होते, कर्जाचा अठरा वर्षांचा हप्ता फिटला. बँकेचं पत्र देवापाशी ठेवलं, मजल्यावर पेढे वाटले आणि आठवड्याभराने माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, अठरा वर्षं सकाळी उठायला एक कारण होतं. आता ते बँकेने काढून घेतलं." आम्ही दोघंही हसलो आणि मग बराच वेळ गप्प बसलो. तुमची अजून चार वर्षं आहेत. यादीत चौथी ओळ लिहायला तेवढी पुरेत.

ती ओळ लिहायला मी लोकांना मोठाले प्रश्न विचारत नाही. 'तुमचं स्वप्न काय' असं विचारलं की सगळे कोकणात होमस्टे काढतात. मी म्हणते, तुमच्या आदर्श आयुष्यातला एक मंगळवार लिहून आणा. रविवार नको, रविवारी सगळेच सुखी असतात. मंगळवार, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, कोण कोण भेटलं, कुणी काय मागितलं, दुपारी काय केलं. नोकरी हीच ठेवायची, पगार हाच. लोक नाक मुरडतात, पण लिहून आणतात. आणि त्या कागदावर वस्तू फार कमी सापडतात, माणसं मात्र भरपूर. तुमच्या मंगळवारात कोण येतंय ते बघा.

याच्याच पोटात दुसरा मुद्दा आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आयुष्याबद्दलचं आपलं मत आणि आपले रोजचे दिवस ही दोन वेगळी खाती आहेत. एकात भरलेले पैसे दुसऱ्यात आपोआप जमा होत नाहीत. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांनी यावर बरंच काम केलं. २००४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचे तुकडे पाडायला सांगितले आणि प्रत्येक तुकड्यात कसं वाटलं ते विचारलं. आपल्या माणसांसोबत घालवलेला वेळ यादीत वर आला. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास तळाला, आणि त्या बायका डोंबिवली फास्टने जात नव्हत्या. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवरचा मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. जास्त बक्षीस मिळालेले लोक कितीतरी वर्षांनीही आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते, पण रोजच्या आनंदावर आणि मनःस्वास्थ्यावर त्याचा परिणाम बराच कमी दिसला. पैशाने मत सुधारलं, दिवस त्या मानाने फार नाही बदलले.

मला हे वाचून कळण्याआधी अंगावर आलं होतं. २००४ मध्ये आम्ही गिरगावातली चाळीतली खोली सोडून बोरिवलीला फ्लॅटमध्ये गेलो. स्वतःचा संडास, चोवीस तास पाणी, लेकीला अभ्यासाला खोली. चाळीच्या आठवणी काढून गळे काढणाऱ्यांतली मी नाही. पहाटे साडेचारला नळाला नंबर लावलेला माणूस असले उमाळे काढत नाही. कुणी ती चाचणी पुढे केली असती तर मी आधीपेक्षा पाचेक गुण जास्त दिले असते आणि खोटंही बोलले नसते. तरी सहा महिने मी नवऱ्याशी स्वयंपाकघराच्या टाइल्सवरून भांडत होते. टाइल्स बऱ्या होत्या. गडबड संध्याकाळी साडेसहाची होती. चाळीत त्या वेळी गॅलरीत तांदूळ निवडता निवडता चार बायका भेटायच्या, काही न ठरवता. इथे सेफ्टी डोअर लावून मी एकटी कांदा चिरत असे. स्वतः समुपदेशक असून हे उमगायला अर्धं वर्ष गेलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे पालेभाजी घेऊन जाऊन बसायला लागले. टाइल्स अजून त्याच आहेत.

आता तुमचे दिवस. तुम्ही दोघंही सकाळी सव्वाआठच्या आसपासच्या गाडीने निघता. मिसेस घाटकोपरला उतरतात, तुम्ही दादरला उतरून लोअर परळला जाता. त्यांच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपबद्दल तुम्ही जरा थट्टेने लिहिलंय: नऊ वर्षांचा ग्रुप, मटार सोलतात, भिशी चालवतात, दसऱ्याला डबा सजवतात. आणि तुम्ही? "मी आपला कानात इअरफोन घालून दाराजवळ." पण त्याआधी एक अर्धं वाक्य आहे: "आमचंही भजनी मंडळ होतं डब्यात, लॉकडाऊननंतर फुटलं." मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि लसीचे दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्यांना ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा मिळाली. त्या दीड वर्षात मुंबईत असे शेकडो ग्रुप विरघळले असतील. कुणी वर्क फ्रॉम होम, कुणी रिटायर, कुणी गेलेच. त्याचा कुणी हिशेब ठेवला नाही, कारण ते नुकसान म्हणून कुठे लिहायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. तुमचं आयुष्याबद्दलचं मत काय असेल ते असो, रोजचे जाऊन-येऊन दोन तास त्या वर्षी टाळ-मृदंगातून इअरफोनमध्ये गेले. मिसेसचे दोन तास जिथे होते तिथेच राहिले. त्या दहा गुणांत तेव्हापासूनच्या प्रवासाचा वाटा नक्की आहे, किती ते मी सांगू शकत नाही.

ते मोजायला एक साधी पद्धत आहे, मी सगळ्यांना तीच देते. घरात कालनिर्णय असेलच, दुधाचा आणि गॅसचा हिशेब जिथे लिहिता ते. रोज झोपताना त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने दोन आकडे लिहायचे. आजच्या दिवसातला सगळ्यांत बरा तुकडा दहापैकी किती आणि सगळ्यांत वाईट तुकडा किती. शेजारी एकेक अक्षर, तेव्हा सोबत कोण होतं त्याचं. एकटे असाल तर फुली. महिनाभर करा. हे उपदेशापेक्षा जास्त बोलतं. एका बाईंच्या कॅलेंडरवर सगळ्या वाईट आकड्यांपुढे 'म' होता. तिला वाटत होतं तिची नोकरी वाईट आहे. 'म' म्हणजे टीममधली एक मॅनेजर, आणि टीम बदलून मिळाली. नेहमी इतकं सोपं निघत नाही, हेही सांगते. कधी कधी अक्षर घरातल्याच कुणाचं निघतं.

तुम्हाला ऑफिसातल्या सीनियरनी म्हणे सल्ला दिला की खाली बघावं, लोकांना एवढंही नसतं. हा सल्ला मी देत नाही. कोलकात्यातल्या झोपडपट्ट्यांत आणि फुटपाथवर राहणाऱ्या, तसंच देहविक्रय करणाऱ्या मिळून ८३ जणांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला होता. एकूण आयुष्याला त्या लोकांनी मध्यरेषेच्या जरा खालचे गुण दिले, पण कुटुंब, मैत्री, स्वतःचं वागणं असं एकेक वेगळं विचारल्यावर उत्तरं समाधानाच्या बाजूला गेली. याचा अर्थ गरिबीत सुख आहे असा कुणी लावला तर मला राग येतो. मी त्यातून एवढंच घेते की ज्यांच्याकडे आपण 'खाली बघायचं' म्हणतो, ती माणसंसुद्धा आयुष्याचा एकच गठ्ठा करून त्यावर शिक्का मारत नाहीत. कुठे बरं आहे आणि कुठे चप्पल चावते, हे त्यांना वेगवेगळं ठाऊक असतं. आणि ज्यांच्याकडे बघून तुम्हाला बरं वाटायचं, त्यांच्या आयुष्याचं काम तुमचं मन शांत करणं हे नाही.

राहिलं पाचवं वाक्य, दोन गुणांचं. तुमच्या अख्ख्या लिखाणात मी इथेच सर्वांत जास्त वेळ थांबले. काय बदलायचं होतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. करिअर, शिक्षण, लग्न, यातल्या कशाबद्दल हळहळ नाही. मात्र शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ आहे: "लालबागच्या खोलीच्या रीडेव्हलपमेंटवरून दादाशी सहा वर्षं बोलणं बंद आहे, गावच्या गणपतीला आता आलटून-पालटून जातो, पण तो विषय वेगळा."

इतक्या वर्षांत मी एक शिकले. माणूस 'तो विषय वेगळा' म्हणतो तेव्हा मी पेन खाली ठेवते.

जागेवरून तुटलेले भाऊ मुंबईला नवे नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत एकाच गोधडीत झोपलेले दोघं, बिल्डरचा कागद आल्यावर वकिलामार्फत बोलायला लागतात. कोण बरोबर होतं हे मला माहीत नाही, आणि तुमचीच बाजू ऐकून मी ते ठरवणार नाही. पण तुमच्या वडिलांचा दुसरा नियम पाळताना, जागा जाऊ नये हा, सहा वर्षांपूर्वी तुम्ही काहीतरी दिलंत, आणि त्याची नोंद कुठल्याच खात्यात केली नाहीत. मराठीत 'समाधान' शब्द आपण दोन तऱ्हांनी वापरतो. एक जेवून तृप्त झाल्यावरचं, आणि दुसरं शंकेचं. एखाद्या शंकेचं समाधान झालं नाही की ती मनात राहते. तुमचं पहिल्या प्रकारचं समाधान ठीकठाक दिसतंय. शंका राहिली आहे ती अशी असावी: मी जे केलं ते रास्त होतं का, आणि दादाला ते कसं दिसलं? ही माझी अटकळ आहे. चूक असेल तर सोडून द्या.

बरोबर असेल, तर पुढचं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. प्रकरण कोर्टात असेल तर काहीही लिहून पाठवण्याआधी वकिलाला विचारा. व्हॉट्सअॅपवर भावनेच्या भरात लिहिलेली ओळ उद्या कागद बनते. दादाने शिवीगाळ किंवा हात उचलण्यापर्यंत मजल नेली असेल, तर लांब राहणं हाही रास्त निर्णय आहे आणि त्याची लाज वाटायला नको. दोन्ही नसेल, तर मी समेटाची घाई करायला सांगणार नाही. नातेवाइकांना मध्यस्थ घालून एकत्र बसवलेले भाऊ माझ्या अनुभवात निम्म्या वेळा आणखी तुटून उठतात, कारण बसल्याबसल्या पुन्हा स्क्वेअर फुटांचाच विषय निघतो. खोलीचा विषय खोलीच्या जागी राहू द्या. आधी एका कागदावर स्वतःपुरतं लिहा: सहा वर्षांपूर्वी कुठल्या दिवशी काय बोललो, त्यातलं काय पुन्हा बोलेन आणि काय बोलणार नाही. पाठवायचं नाही. लिहून झालं की आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवा आणि मग वाचा. मग पाचव्या वाक्याला पुन्हा गुण द्या, तो आकडा खरा.

त्यानंतर करावंसं वाटलंच, तर अगदी लहान काही. माझ्याकडे आलेल्या एका माणसाने भावाला सहा ओळींचं पत्र लिहायचं ठरवलं होतं, दोन महिने ते त्याच्या खिशात राहिलं. शेवटी त्याने आईच्या श्राद्धाला तिच्या हातचे व्हायचे तसे घारगे-वडे करून एका डब्यात भावाच्या बिल्डिंगखाली वॉचमनकडे ठेवले, आत चिठ्ठी नाही. आठ दिवसांनी डबा घासून परत आला, त्यात चार लाडू. त्या दोघांचं खोलीचं भांडण अजून मिटलेलं नाही. पण तेव्हापासून डब्याची ये-जा चालू आहे.

डब्यातलं मंडळ पुन्हा उभं करायचं की नाही, हेही बघा. जुन्यांपैकी दोघं तरी त्याच गाडीला असतील. एक फोन करा. टाळ कुणाकडे राहिले आहेत ते विचारलं तरी चालेल, तेवढं निमित्त पुरतं.

आणि एक राहिलं. गावच्या गणपतीला आलटून-पालटून जाता असं लिहिलंत. यंदा पाळी कुणाची, ते लिहिलेलं नाही.